आईच्या बोटावरचं चाटण

माझा धाकटा भाऊ लहानपणी फार उशिरा बोलला. त्याच्या वयाची गल्लीतली पोरं एकमेकांना शिव्या द्यायला लागली तरी हा नुसतं बोट दाखवायचा. शेवटी नदीकडच्या गल्लीतल्या वैद्यांनी आईला अक्कलकाऱ्याची मुळी दिली. आई ती सहाणेवर उगाळायची, मधात कालवायची आणि रोज सकाळी आपल्या बोटानं त्याच्या जिभेवर लावायची. काही महिन्यांनी तो बोलला, आणि मग थांबेचना. जेवताना, झोपेत, देवळात, सगळीकडे तोंड चालू. वडील वैतागून आईला म्हणायचे, "आता हे बंद करायचं चाटण आण वैद्याकडून." पुढे तो वकिलीची परीक्षा पास झाला तेव्हा आईनं पहिला पेढा त्या वैद्यांच्या घरी पाठवला. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकवलं, त्यानं डोळे फोडून अभ्यास केला, आणि श्रेय गेलं मुळीला. आमच्या घरात हे असंच चालायचं.

वडील नांदेडच्या सरकारी मदरशात, म्हणजे तेव्हाच्या शाळेत, हिशेब शिकवत. शब्द जपून वापरणारा माणूस. पोरानं कितीही अवघड गणित सोडवलं तरी त्यांच्या तोंडून शाबासकी निघायची नाही. पाटीकडे बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर." एवढंच. ते ऐकायला आम्ही दोघं भावंडं जिवाचं रान करायचो. मी मोठी. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, आणि वडिलांनी मला घरात बसू न देता मुलींच्या मदरशात शिकवायला लावलं. त्याबद्दल नात्यातल्यांनी त्यांना बरंच ऐकवलं होतं. वडिलांनी कुणालाच उत्तर दिलं नाही.

ते निजामाच्या राज्याचे शेवटशेवटचे दिवस. सुट्टी शुक्रवारची, कचेरी उर्दूत, वकिलाच्या अंगात शेरवानी. भाऊ हैदराबादेत शिकला, लातूरच्या एका मोठ्या आडत्याची मुलगी त्यानं केली आणि तिथंच वकिली मांडली. बोलायला लागला की समोरचा वकील कागद चाळायचा विसरतो, असं लातूरहून येणारे सांगायचे. आई ते पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

कोकेन हा शब्द आमच्या घरात आला तोही लातूरहूनच. तोवर अफू ठाऊक होती, गांजा ठाऊक होता. ही पांढरी भुकटी विड्यात घालून खातात, चुन्याबरोबर, चिमटीभर, हे आम्हाला भावाच्या सासऱ्यांनी येऊन सांगितलं तेव्हा कळलं. परीक्षेच्या दिवसांत जागता यावं म्हणून हैदराबादेत कुणीतरी त्याला तसला विडा दिला होता. विडा कुणी दिला तर नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे पुढे केलेलं पान परत करणं म्हणजे माणसाचा अपमान. तिथून सुरू झालं ते सुटलं नाही. सासऱ्यांनी आपली मुलगी आणि कडेवरचा नातू घरी नेले, आणि जावयाला मोटारीत बसवून नांदेडला आमच्या दारात आणून उभं केलं.

मी त्याला ओळखलं, पण ओळखायला क्षणभर लागला. ओठ काळे पडले होते, दात किडले होते. बसल्या जागी हाताची कातडी खाजवत राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "अक्का, आत वाळू सरकून राहिली." दारात कुणी उभं राहिलं की उठून आत जायचा. आणि बोलणं! ज्याच्या बोलण्यावर आई जगत होती त्याची जीभ जड झाली होती, प्रत्येक शब्द अडखळत यायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याच वेळी रडूही यायचं. बहुतेक वेळा मी रागावरच भागवून न्यायचे.

त्या सुमारास नांदेडात एक डॉक्टर नवे आले होते. घरी तेलुगू बोलणारे, देगलूरकडचे. त्यांचं मराठी उर्दूचा हात धरून चालायचं. कोकेन खाणाऱ्यांसाठी त्यांनी दवाखान्याच्या पडवीत बाकं टाकली होती आणि एक औषध ते पारखून पाहत होते. गावात त्यांची चेष्टा व्हायची, कारण पहिल्याच दिवशी ते सरळ सांगायचे, "हे औषध लागू पडतं की नाही, मला माहीत नाही. तेच पाहायचं आहे." असा डॉक्टर नांदेडनं पाहिला नव्हता. लोक म्हणायचे, त्यालाच माहीत नाही तर जायचं कशाला? वडील मात्र ऐकून म्हणाले, "खरं बोलणारा दिसून राहिला," आणि भावाला घेऊन गेले.

मी सोबत होते. बाकावर खानावळीतला एक आचारी होता, एक तबलजी होता, आणखी काही जण होते. सगळ्यांना सारख्या बाटल्या, सारखं तांबूस औषध. ते डॉक्टरांच्या समोर प्यायचं. डॉक्टरांनी वडिलांना एकच अट घातली. "घरी दुसरी कोणतीही दवा द्यायची नाही. दोन दवा पोटात गेल्या तर कोणत्या दवेनं काय केलं, मला कसं समजेल?"

"हाव," वडील मान डोलावून म्हणाले. घरी येऊन त्यांनी आईला तेच सांगितलं, आणि आईनं देवासमोर हात जोडून कबूल केलं. तिनं ते पाळलं, असं मी आजही म्हणेन. काढा नाही, गंडादोरा नाही, शेजारणीनं आणून दिलेली पुडी तिनं चुलीत टाकली.

आणि भाऊ सुधारायला लागला. आधी झोप आली. मग भूक आली. एकदा भाकरीला तीळ लावलेत हे त्यानं आपणहून ओळखलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. वाळू सरकायची थांबली. संध्याकाळी तो वडिलांबरोबर नदीवर जायला लागला. रस्त्यात ओळखीच्या कुणी विडा पुढे केला तर दोन्ही हात जोडायचा, आणि लोकांना राग आला तर येऊ द्यायचा. बाकावरचे इतर काही सुटले, काही पुन्हा खायला लागले. हा टिकला. डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की सासऱ्यांना बोलावून घ्या, मी माझ्या तोंडानं सांगतो.

सगळं त्या एका शब्दावर होतं. डॉक्टरांनी बरा म्हटलं तर मुलगी आणि नातू नांदेडला पाठवतो, असं सासऱ्यांनी कबूल केलं होतं. नाही म्हटलं तर पुन्हा दारात यायचं नाही. भाऊ रोज सकाळी उठून सासऱ्यांशी काय बोलायचं ते घोकायचा. कोर्टात कधी त्यानं एवढी तयारी केली नसेल. पण जीभ अजून मधूनच अडायची. मुलाचं नाव घेतानाच नेमकी अडायची.

आईला ते सहन होईना. ती वैद्यांकडे गेली आणि अक्कलकारा घेऊन आली.

तिला विचारलं असतं तर तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मी दुसरं औषध दिलेलं नाही. चाटण म्हणजे काय औषध असतं? औषध बाटलीत असतं, त्याला डॉक्टर लागतो. चाटण घरचं. पोराच्या तोंडात आईनं बोट घालणं, त्याला कुणी इलाज म्हणत नाही. वडील घरात होते, मी घरात होते, आमच्याही कुणाच्या मनात आलं नाही. आणि ते नशेवर थोडंच होतं? ते बोलण्यासाठी होतं.

सासरे दवाखान्यात यायचे होते त्या शुक्रवारी सकाळी भावानं शेरवानी घातली. टांगा दारात होता. आईनं मुळी नेहमीपेक्षा जास्त उगाळली होती. तो उंच, ती ठेंगणी. तो वाकला आणि एवढ्या मोठ्या वकिलानं आईच्या बोटावरचं चाटण चाटलं. मी हसले. तो म्हणाला, "हसू नको अक्का. उद्यापासून कोर्टात बी हेच घेऊन जात जाईन." मला त्याचं ते हसणं आठवतं. लहानपणचं होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. वडील, भाऊ आणि डॉक्टर यांच्याकडून नंतर जे कळलं ते सांगते. वाटेत तांबोळ्याच्या दुकानापाशी कुणीतरी जुन्या ओळखीच्यानं भावाला हाक मारली. तो टांग्यातून उतरला, दोन शब्द बोलला आणि परत येऊन बसला. वडिलांनी ते पाहिलं, पण काही विचारलं नाही.

दवाखान्यात सासरे आधीच येऊन बसले होते. डॉक्टर म्हणाले, तुमचे जावई बरे आहेत. पण सासरे आडते माणूस. जन्म गेला पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढण्यात आणि एकेक चावून बघण्यात. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माल बघितल्याबिगर म्या कवाच सौदा केला न्हाई. आमाला डोळ्यानं दिसंल असं कायतरी करा."

डॉक्टरांना ते पटलं. कोकेन खाल्लं की जीभ मरते, काही वेळ तिला चव कळत नाही. म्हणून त्यांनी कुंचला घेतला, कोयनेलच्या पाण्यात बुडवला आणि भावाच्या जिभेवर फिरवला. कोयनेल म्हणजे थंडीतापाचं ते कडू औषध, ज्याच्या वासानंसुद्धा पोरं पळायची.

"काय लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई न्हाई," भाऊ म्हणाला.

डॉक्टरांनी मिठाचं पाणी घेतलं. "आता?"

"पाणी."

डॉक्टरांनी पुन्हा कोयनेल लावलं. भाऊ पुन्हा म्हणाला, "पाणी." सासऱ्यांनी बाटली हातात घेतली, आपल्या जिभेवर थेंब टाकला, तोंड वाकडं केलं आणि दाराबाहेर जाऊन थुंकले. ते परत आत आलेच नाहीत. तिथूनच मोटारीच्या अड्ड्यावर गेले. डॉक्टरांनी कुंचला खाली ठेवला. वडिलांनी फक्त एवढं विचारलं, "त्या दुकानापाशी काय घेतलंस?"

घरी येऊन वडील आईला म्हणाले, "खाल्लंय." बस.

"कशावरून?" आईनं विचारलं.

"डॉक्टरासमोर उघड झालं. आता विचारू नको."

आमच्याकडे पुरुष बाहेर जे घडतं त्याचा निकाल घरात आणतात, हकिगत आणत नाहीत. कुंचला, कोयनेल, जीभ, यातलं अक्षर आईच्या कानावर आलं नाही, माझ्याही नाही. आणि चाटणाबद्दल डॉक्टरांना अक्षर माहीत नव्हतं. अर्धी गोष्ट त्या बाजूला राहिली, अर्धी या बाजूला, आणि मधे भाऊ बसला होता.

तो ओसरीवर शेरवानीसकट बसून होता. सारखा जिभेला बोट लावून बघत होता. आई जवळ गेली तेव्हा म्हणाला, "आई, मी न्हाई खाल्लं."

"मग डॉक्टर खोटं बोलून राहिले का?"

त्यानं पुन्हा जिभेला बोट लावलं. मग म्हणाला, "मला बी काई समजून न्हाई राहिलं."

दुसऱ्या दिवशी तो लातूरला गेला. सासऱ्यांच्या दारात उभा राहतो म्हणाला. दार उघडलं नाही, हे आम्हाला निरोपानं कळलं. त्यानंतर कळत गेलं ते सगळं वाईटच होतं. तो पुन्हा खायला लागला होता, आणि बार्शीच्या आगगाडीनं कोकेन लातुरात सहज यायचं. वडिलांनी त्याचा विषय बंद केला. डॉक्टरांनीही बाकावरची त्याची जागा दुसऱ्याला दिली. आई रोज दोन माणसांच्या भाकरी जास्त करायची, एक त्याची आणि एक सुनेची, आणि दुपारी त्या भाकरी दारच्या गायीला घालायची. मी एकदा चिडून तिला म्हणाले की गाय तरी लठ्ठ होईल. ती गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

पावसाळा संपत आला तेव्हा आईची दाढ दुखायला लागली. गाल सुजला. घरचे उपाय करून झाले आणि मी तिला ओढतच त्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिला बाकावर बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, काडीनं हिरडी चाचपली.

"अम्मा, दुखतं का इथं?"

"काई समजत न्हाई."

"आणि इथं?"

"जीभच बधिर झाली की, डॉक्टरसाहेब. सकाळपासून अक्कलकारा धरलाय दाढंखाली."

डॉक्टर म्हणाले, "ते नका धरू. त्यानं तोंड मरतं, मग मला दुखणं कुठं आहे ते कसं सापडणार?"

मुळीला नावं ठेवलेली आईला खपली नाही. ती ताठ झाली. "असं बोलू नका. माझं लेकरू याच्यावर बोलाया लागलं. त्या शुक्रवारी तुमच्याकडं आलं तवा बी म्या हेच चाटवून पाठवलं होतं, जीभ अडू नये म्हणून. चांगलं दुप्पट उगाळलं होतं."

डॉक्टरांच्या हातातली काडी तशीच राहिली. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला अजून काही कळलं नव्हतं. ते उठले, कपाटापाशी गेले, परत आले आणि आईच्या समोर जमिनीवरच बसले. मग त्यांनी कुंचल्याची हकिगत सांगितली, सावकाश, एकेक शब्द शोधून. आई ऐकत होती. मधेच तिनं बोट तोंडात घातलं, जीभ चाचपली, आणि ते बोट बाहेर काढून त्याकडे बघत राहिली.

ती रडली नाही. मीच रडले. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, मी विचारायला पाहिजे होतं. दवा विचारली, खाणं विचारलं नाही." त्यांनी त्याच दिवशी दवाखाना बंद केला आणि आमच्याबरोबर लातूरला यायला निघाले. वडील आले नाहीत. "मी कोणतं तोंड घेऊन जाऊ?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चाकूरला मोटार पाण्यासाठी थांबली. आई आतच बसली होती. डॉक्टर उतरून विहिरीकडे गेले, मीही मागोमाग गेले. ते म्हणाले, "बाई, आणखी एक गोष्ट आहे. बाकावरच्या सगळ्यांच्या बाटल्यांत दवा नव्हती. काहींच्या बाटलीत नुसतं साखरेचं रंगीत पाणी होतं. तसं केल्याशिवाय दवेचा गुण कळत नाही. तुमच्या भावाच्या बाटलीत पाणी होतं."

माझा असा संताप झाला की पाणी भरणारी माणसं वळून बघायला लागली. "आमच्या माणसाला तुम्ही पाणी पाजलंत?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "आणि तरी त्यांनी सोडलं होतं."

त्यानं स्वतःच सोडलं होतं. कुणाच्या औषधानं नाही, वैद्याच्या नाही, डॉक्टरच्या नाही. रोज सकाळी उठून, वाळू सरकत असताना, समोर आलेल्या विड्याला हात जोडून त्यानं ते एकट्यानं सोडलं होतं, आणि आम्ही त्याला खोटं पाडलं होतं. हे आईला सांगायचं नाही असं मी डॉक्टरांना सांगितलं. ते मी तिला कधीच सांगितलं नाही.

लातुरात आधी सासऱ्यांकडे गेलो. डॉक्टरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "माझी चूक झाली." सासऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजी माल चोख होता." पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. "आता न्हाई पण. आता त्यो कामातनं गेलाय. म्या पोरगी न्हाई पाठवत."

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. भावजय मुलाला कडेवर घेऊन बाहेर आली. हातात कपड्यांचं गाठोडं होतं, म्हणजे ती आतून सगळं ऐकत बांधाबांध करत होती. बापाकडे न बघता ती म्हणाली, "अप्पा, मी जाऊन राहिले." तिला थांबवायला कुणी उठलं नाही.

भाऊ कापसाच्या बाजारामागच्या एका सराईच्या खोलीत सापडला. दुपारची वेळ होती, तो खाटेवर उकिडवा बसला होता. शेरवानी तीच होती. आई त्याच्या शेजारी बसली आणि त्याची शेरवानी झटकत राहिली, म्हणून पुन्हा डॉक्टरांनीच सांगितलं. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजी मी खाल्लं नव्हतं?"

"न्हाई रे."

"मला वाटलं खाल्लं असंल." तो एकेक शब्द ओढून काढत होता. "तुम्ही सगळे म्हणलात. वडील म्हणले, डॉक्टर म्हणले. जीभ तर मेलेलीच होती. चाटण मनातच आलं न्हाई, ते घरचं. म्हणलं, कुणी विड्यात घालून दिलं असंल, मला आठवत नसंल. मग म्हणलं, खाल्लंच हाय तर..." भावजयीनं मुलाला खाली सोडलं. मूल बापाला ओळखत नव्हतं, ते माझ्या लुगड्यामागे लपलं.

त्याला आम्ही नांदेडला आणलं. वडील दारात उभे होते. त्यांनी त्याला हात धरून आत नेलं. बोलता येत नसलेला माणूस बोलायला गेला की कसा दिसतो, ते मी त्या दिवशी वडिलांच्या तोंडावर पाहिलं. अंथरूण त्यांनी स्वतः घातलं.

डॉक्टरांनी या वेळी खरं औषध दिलं, आणि बाटलीत काय आहे ते त्याला सांगूनच दिलं. ते लागू पडलं नाही. दुसरं दिलं, तेही नाही. तो घरातून निघून जायचा आणि कुणीतरी धरून आणायचं. चांगला असला की डॉक्टरांना म्हणायचा, "मला ते पहिलं द्या, तांबूस पाणी." चाकूरची गोष्ट मी त्याला सांगितली होती, ती त्याला फार आवडली होती. डॉक्टर तेही द्यायचे. पण एकदा जमलं ते पुन्हा जमलं नाही. थंडी सुरू झाल्यावर छाती भरली, ताप उतरेना, आणि तो अंथरुणाला खिळला. मग मात्र कोकेन खाणं सुटलं. उठवत नव्हतं म्हणून सुटलं की त्यानं सोडलं, हे कुणाला सांगता येणार? त्या थंडीत तो गेला.

जाण्याच्या काही दिवस आधीची सकाळ आहे. मूल आता त्याच्या अंथरुणाजवळ यायला लागलं होतं. बापासारखंच तेही बोलत नव्हतं, नुसतं बोट दाखवायचं. त्या सकाळी ते त्याच्या उशाशी येऊन बसलं. भावाला त्याच्याशी बोलायचं होतं. त्यानं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा नाव जिभेवरच अडकलं. मग तो आईकडे वळला.

"आई, ते चाटण दे."

आईच्या हातातला तांब्या कलंडला. अक्कलकारा घरात नव्हता. लातूरहून आल्या दिवशी तिनं सहाणेसकट तो गोदेत टाकला होता आणि कुणालाही कधी देणार नाही म्हणून सांगितलं होतं. भावाला ते माहीत होतं. तरी तो तोंड किंचित उघडून वाट बघत होता. भावजय माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं आई बाहेर निघून जाईल.

ती स्वयंपाकघरात गेली आणि वाटी घेऊन आली. त्याच्याजवळ बसली, वाटीत बोट बुडवलं. डाव्या हातानं तिनं उजवं मनगट धरलं आणि बोट त्याच्या जिभेवर ठेवलं.

त्यानं डोळे मिटले. जरा वेळानं उघडले आणि हसला.

"आई, नुसता मध हाय."

डॉक्टर त्याला बघायला म्हणून आले होते, ते दारातच थबकले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, ओसरीकडे वळले आणि वडिलांना हाक मारली. "मास्तरसाहेब, आत या." वडील आले. डॉक्टरांनी त्यांना अंथरुणापाशी बसवलं. वडिलांनी आईच्या हातातली वाटी पाहिली, तिचं बोट पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. ते भावाच्या तोंडावर वाकले.

"काय लागलं?" त्यांनी विचारलं.

"मध."

"बरोबर," वडील म्हणाले.